‘पेंडिंग’चा धनी कोण?

१२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभरात यूपीआय काही तास अडखळलं. व्यवहार फार वाढले असतील, यंत्रणेला झेपले नसतील, असा बहुतेकांचा समज झाला. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं, म्हणजे एनपीसीआयनं, कारण शोधलं तेव्हा वेगळंच निघालं. ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशी विचारणा काही बँकांच्या संगणकप्रणाली मध्यवर्ती यंत्रणेकडे पुनःपुन्हा करत होत्या, काही तर जुन्या व्यवहारांबद्दलही, आणि या विचारणांच्या लोंढ्याखाली खरे व्यवहार अडकले. यात विचारणाऱ्या प्रणालीचं वेगळं काढून पाहिलं तर काही चुकलेलं नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं, हे नवशिक्या प्रोग्रॅमरलाही ठाऊक असतं. पण सगळ्यांनी एकाच वेळी पुन्हा विचारलं तर काय होईल, याचा विचार करणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. यानंतर एनपीसीआयनं घातलेले नियम बघण्यासारखे आहेत. सुरुवातीच्या नियमानुसार पहिली विचारणा ९० सेकंदांनंतरच करायची होती, आणि एका व्यवहारासाठी जास्तीत जास्त तीनदा करायची. १ ऑगस्ट २०२५ पासून ग्राहकालाही एका ॲपवर दिवसातून ५० वेळाच शिल्लक तपासता येते. दर महिन्याच्या हप्त्यांची आपोआप होणारी वसुली गर्दीच्या वेळा टाळून करायची. यातल्या एकाही नियमानं कुठलीही प्रणाली अधिक हुशार झाली नाही. बदल झाला तो प्रणालींच्या मधल्या जागेत.

ही मधली जागा हाच या आढाव्याचा विषय. स्वतःचे निर्णय स्वतः घेणारे अनेक सॉफ्टवेअर एजंट एकत्र कामाला लावायचे तर त्यांच्यात समन्वय कसा ठेवायचा, हा प्रश्न संगणकशास्त्रात पन्नास वर्षं जुना आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक मॉडेलांवर चालणारे एजंट आल्यापासून तो नव्यानं विचारला जातो आहे, आणि बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून. चर्चा होते ती एजंट किती हुशार, ते एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, कामाची वाटणी कशी करतात, याची. माझं म्हणणं असं की समन्वयाच्या व्यवस्थेचं मुख्य काम दुसरंच आहे. काम झालं, हे सांगणं सोपं असतं. झालं नाही, हे सांगणंही फार अवघड नसतं. ‘झालं की नाही, अजून कळलेलं नाही’ ही जी तिसरी, ‘पेंडिंग’ अवस्था असते, तिचं काय करायचं, ती किती वेळ चालू द्यायची आणि तोवर तिची जबाबदारी कुणावर, हे ठरवण्यासाठीच ही व्यवस्था लागते. ज्या यंत्रणांनी हे आधी ठरवलं त्या टिकल्या. ज्यांनी एजंटांच्या समजूतदारपणावर सोडलं त्या प्रयोगशाळेबाहेर फारशा आल्या नाहीत.

आमच्या शहरातल्या छावणीत, म्हणजे कँटोन्मेंट भागात, गुरुवारी आठवडी बाजार भरतो. तिथं एखाद्या गिऱ्हाइकानं भाजीवाल्याच्या स्कॅनरवर ८० रुपये पाठवले, की दोन माणसांमधला हा व्यवहार पाच-सहा वेगवेगळ्या मालकांच्या प्रणालींमधून जातो. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं ॲप आपल्या भागीदार बँकेला सांगतं, ती बँक एनपीसीआयच्या स्विचला. स्विच भाजीवाल्याच्या बाजूच्या बँकेकडून पत्ता खरा आहे ना याची खात्री करतो, मग गिऱ्हाइकाच्या खात्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगतो, तिचा होकार आला की भाजीवाल्याच्या खात्याच्या बँकेला जमा करायला सांगतो, आणि शेवटी दोन्हीकडे निरोप जातो. आता समजा, पैसे वजा झाले, जमा करायचा निरोपही गेला, पण जमा करणाऱ्या बँकेकडून उत्तर आलंच नाही. त्या बँकेनं पैसे जमा केले असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. किंवा निरोपच पोचला नसेल. किंवा बँकेचा सर्व्हर निम्म्या कामात बसला असेल. स्विचच्या जागेवरून पाहिलं तर या तिन्ही शक्यता हुबेहूब सारख्या दिसतात. गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे गेल्याचं दिसतं, भाजीवाल्याचा साउंडबॉक्स गप्प असतो, आणि कोथिंबिरीची जुडी दोघांच्या मध्ये अडकते.

यूपीआयनं यावर शोधलेला तोडगा म्हणजे सरळसरळ लिहिलेला नियम आहे. जमा करणाऱ्या बँकेनं स्पष्ट नकार दिला तर पैसे लगेच उलटे फिरवायचे. तिनं उत्तरच दिलं नाही, तर व्यवहार झाला असं धरून चालायचं आणि तो खरा करायची जबाबदारी त्या बँकेवर टाकायची. तिनं पैसे जमा करावेत, नाहीतर परत पाठवावेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं या जबाबदारीला मुदत घातली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारे पैसे जमा होऊ शकत नसतील, तर दुसऱ्या दिवसाअखेर आपोआप परत झाले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खातरजमा झाली नाही तर पाच दिवसांत. त्यापुढं उशीर झाला तर ग्राहकानं तक्रार केलेली असो वा नसो, दर दिवसाला १०० रुपये भरपाई. संगणकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे शंभर रुपये सापडणार नाहीत. पण संदेश, नोंद, मुदत आणि दंड हे चारही एकत्र आले तेव्हाच २०२५ च्या ऑगस्टमध्ये महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडणारी ही यंत्रणा उभी राहू शकली. एकमेकांवर विश्वास नसलेल्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या शेकडो बँकांच्या प्रणाली ती रोज वापरतात. ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालेली ही व्यवस्था बहुएजंट समन्वयाचं आपल्याकडचं सर्वांत मोठं चालतं उदाहरण आहे, आणि या विषयावरच्या लेखनात तिचा उल्लेख क्वचितच येतो, याचं नवल वाटतं.

‘कळलं नाही’ ही अवस्था चांगल्या अभियांत्रिकीनं नाहीशी करता येणार नाही का? उत्तर नकारार्थी आहे, आणि ते सिद्ध झालेलं आहे. कल्पना करा: दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन सैन्यतुकड्या आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय आहे, आणि निरोप घेऊन जाणारा जासूद दरीत पकडला जाऊ शकतो. पहिल्या सेनापतीनं ‘उद्या पहाटे’ असा निरोप धाडला तरी तो पोचल्याची खूण मिळाल्याशिवाय तो निघणार नाही; दुसऱ्यानं खूण पाठवली तरी ती पोचली का, हे त्याला कळल्याशिवाय तो निघणार नाही; आणि हे असंच पुढं. सत्तरच्या दशकात मांडलेल्या या कोड्याला कितीही जासूद पाठवले तरी पूर्ण उत्तर नाही. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटर्सन यांनी याहून व्यापक निष्कर्ष काढला. संदेश पोचायला किती वेळ लागेल याची हमी नसेल आणि सहभागींपैकी एकही जण मध्येच बंद पडू शकत असेल, तर ठरावीक पायऱ्यांची कोणतीही पद्धत सर्वांचं एकमत घडवून आणेलच, असं सांगता येत नाही. मार्ग राहतो तो तडजोडीचा: घड्याळाची मदत घ्या, मुदत घाला, बहुमतावर निर्णय करा. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सोस पद्धत, तिला सोपा पर्याय म्हणून २०१४ मध्ये आलेली राफ्ट, गूगलची चबी, याहूमध्ये जन्मलेली झूकीपर, या सगळ्या याच तडजोडीच्या यशस्वी आवृत्त्या. त्यातली एक युक्ती मला विशेष शहाणी वाटते. एखाद्या एजंटला सामायिक वस्तूवर हक्क द्यायचा तो मुदतीचा. एजंट मेला, हरवला किंवा विसरला तरी मुदत संपताच हक्क आपोआप सुटतो. कुणी कुणाला विचारायला जावं लागत नाही.

मात्र या साऱ्या यंत्रणा एका घरातल्या आहेत, हे विसरता कामा नये. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तेव्हा त्यात ट्रान्सप्यूटर जातीचे ६४ प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती वेगळी, प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा, आणि काम एकमेकांना संदेश पाठवूनच व्हायचं. समन्वय कठीणच होता, पण चौसष्टही प्रोसेसरांचा मालक एक होता आणि एकही प्रोसेसर स्वतःचा फायदा पाहणारा नव्हता. चबीचे सर्व्हरही तसेच. मालक वेगळे झाले की प्रश्नाची जात बदलते. छावणीतला रस्ता ओलांडला की संरक्षण मंत्रालयाखालच्या छावणी परिषदेची हद्द संपते आणि महापालिकेची सुरू होते. खाम नदी मात्र दोन्हींतून वाहते. तिच्या पुनरुज्जीवनासाठी महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्थांना एका टेबलाशी बसावं लागलं, कारण वरच्या अंगाचा कचरा खालच्या हद्दीत कुणाचा, हे कुणा एकाच्या अधिकारात बसत नाही. सॉफ्टवेअरमध्येही एका कंपनीच्या आतला समन्वय आणि अनेक कंपन्यांमधला समन्वय हे एकाच नावाखाली खपवले जातात. पहिल्यात बहुमत पुरतं. दुसऱ्यात दायित्व लागतं.

एजंट हा शब्द ज्या अर्थानं आज गाजतो आहे त्या परंपरेत या दायित्वाचा शोध उशिरा लागला. सुरुवात सत्तरच्या दशकात, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या गटानं बोलणं ओळखणारी हिअरसे-दोन ही प्रणाली बांधली तेव्हा झाली. ध्वनी जाणणारा, शब्द जाणणारा, वाक्यरचना जाणणारा, असे वेगवेगळे तज्ज्ञ प्रोग्रॅम एकमेकांशी बोलत नसत. सगळे एका सामायिक फळ्यावर आपापले अंदाज लिहीत आणि दुसऱ्यांचे वाचत. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी निविदेची पद्धत आणली: काम जाहीर करा, बोली मागवा, योग्य वाटेल त्याला द्या. नव्वदच्या दशकात मात्र गाडी संभाषणाकडे वळली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या फिपा या संस्थेनं एजंटांच्या संभाषणासाठी २२ प्रकारची वचनं प्रमाण केली. विनंती, सूचना, नकार, प्रस्ताव अशी ती होती, आणि प्रत्येकाचा अर्थ बोलणाऱ्या एजंटच्या मनातली समजूत आणि हेतू यांच्या भाषेत सांगितला होता. तर्कशास्त्र म्हणून ते देखणं होतं. १९९८ मध्ये मुनिंदर सिंग यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. दुसऱ्या कंपनीच्या एजंटच्या मनात काय आहे, हे बाहेरून तपासणार कसं? अर्थ मनातल्या हेतूवर न बांधता सर्वांना दिसणाऱ्या बांधिलकीवर बांधा, असं त्यांचं सांगणं: कोणी, कोणाला, काय करून द्यायचं कबूल केलं. त्या काळी ते अभ्यासकांपुरतं राहिलं. फिपाची प्रमाणं संशोधनात भरपूर वापरली गेली, पण त्यांच्या जोरावर कंपन्या-कंपन्यांमधला व्यापार उभा राहिला नाही. यूपीआयच्या नियमपुस्तकात एजंटाच्या मनाचा उल्लेखही नाही. बांधिलकी मात्र पानोपानी आहे.

आता आजच्या लाटेकडे येऊ. भाषिक मॉडेलं बोलू लागली, तेव्हा फिपाचं जुनं स्वप्न नव्या वेशात परत आलं: एजंटांना मराठीत किंवा इंग्रजीत एकमेकांशी बोलू द्या, ते आपसांत ठरवतील. याचा सर्वांत भक्कम पुरावा अँथ्रॉपिक कंपनीनं जून २०२५ मध्ये स्वतःच मांडला. मुख्य एजंट आणि त्याच्या हाताखालचे उप-एजंट अशी त्यांची संशोधन-प्रणाली त्यांच्याच अंतर्गत चाचणीत एकट्या एजंटपेक्षा ९० टक्क्यांनी सरस ठरली. त्याच लेखात किंमतही लिहिलेली आहे. साध्या गप्पांच्या तुलनेत सुमारे पंधरा पट मजकूर खर्ची पडतो, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत एका साध्या प्रश्नासाठी ५० उप-एजंट सोडले जात. उपाय म्हणून त्यांनी कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला किती एजंट लावायचे, याचं माप सूचनेतच घालून दिलं. मर्यादा घालण्याचा हा उपाय आणि एनपीसीआयची तीन विचारणांची मर्यादा यांची जात एकच. त्याच महिन्यात कॉग्निशन या कंपनीनं नेमका उलटा सल्ला दिला: असे अनेक एजंट बांधूच नका, कारण एकानं गृहीत धरलेलं दुसऱ्याला कळत नाही आणि दोघांचं काम जुळत नाही. मला हे दोन्ही सल्ले परस्परविरोधी वाटत नाहीत. माहिती शोधण्याचं काम वेगवेगळ्यांनी केलं तर एकाचं दुसऱ्यावर फारसं अवलंबून नसतं; कोड लिहिण्याच्या कामात प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीला बांधलेली असते. अवलंबित्व वाढलं की ‘त्यानं काय ठरवलं ते मला कळलेलं नाही’ ही अवस्था वाढते, आणि तिथंच संभाषण अपुरं पडतं.

हे कुणा एका कंपनीचं मत म्हणून सोडून देण्यासारखं नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये अशा प्रणालींच्या कामाच्या नोंदी वाचून अपयशाचे १४ प्रकार वेगळे केले आणि ते तीन गटांत मांडले: कामाची व रचनेची आखणी सदोष असणं, एजंटांचा आपसांतला मेळ चुकणं, आणि काम पुरं झालं की नाही हे न तपासणं. तिसऱ्या गटाकडं लक्ष द्यावं. काम अर्धवट असताना थांबणं, वरवर पाहून ‘झालं’ म्हणणं, हे सगळं एजंट मूर्ख आहे म्हणून होत नाही. ‘झालं’ म्हणजे काय, हे एजंटाबाहेर कुठं लिहून ठेवलेलं नसतं, म्हणून होतं. नव्या प्रमाणांची दिशा याबाबतीत बरी आहे. अँथ्रॉपिकचं एमसीपी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं ते एजंट आणि साधनांमधल्या जोडणीसाठी. गूगलनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेलं आणि जूनमध्ये लिनक्स फाउंडेशनकडे सोपवलेलं एटूए हे एजंट-एजंटांमधल्या व्यवहारासाठी. एटूएमध्ये प्रत्येक कामाला अवस्था असते: सादर, चालू, माहिती हवी, पूर्ण, रद्द, अयशस्वी, आणि ‘अज्ञात’ अशीही. तिसऱ्या अवस्थेला प्रमाणात जागा मिळाली, ही फिपाच्या पुढची पायरी आहे. पण ‘अज्ञात’ अवस्थेत किती वेळ राहता येईल, तोवर झालेलं नुकसान कुणाचं, दंड कोण लावणार, यावर प्रमाण गप्प आहे. जोडणी झाली, दायित्व उरलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो हुशारीचा. आजचे एजंट चुकत असतील, उद्याचे चुकणार नाहीत. मग नियमांचा हा जुना सांगाडा कशाला? पण दोन सेनापतींच्या कोड्यात सेनापती मूर्ख आहेत असं कुठंही गृहीत धरलेलं नाही. ते कितीही बुद्धिमान असले तरी न पोचलेला निरोप त्यांना वाचता येत नाही. शिवाय हुशार एजंट एकाच मॉडेलवर चालणारे असतील तर त्यांच्या चुकाही एकाच वेळी, एकाच दिशेनं होतील. १२ एप्रिलला अनेक प्रणालींनी एकदम पुन्हा विचारलं तसं. दुसरा आक्षेप बाजाराचा: किंमत हाच समन्वय आहे, बाकी कशाची गरज नाही. याला उत्तर द्यायला माश्यांच्या जनुकशास्त्रावरच्या एका पुस्तकाची २०११ सालची गोष्ट पुरते. ॲमेझॉनवर त्या पुस्तकाचे दोन विक्रेते होते. एकाचा प्रोग्रॅम आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८३ पट ठेवायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या १.२७०५८९ पट. दोन्ही नियम सुटे पाहिले तर समजण्याजोगे. एकाला थोडं स्वस्त राहायचं होतं. दुसऱ्याकडं बहुधा पुस्तक नव्हतंच. मागणी आली तर पहिल्याकडून घेऊन विकता यावं म्हणून तो वर राहत होता. पण गुणाकार करून पाहा: प्रत्येक फेरीला किंमत साधारण २७ टक्क्यांनी चढणार. १८ एप्रिल २०११ ला ती २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलर आणि ९३ सेंटवर पोचली. विकत कुणी घेतलं नाही, म्हणून त्यावर हसता येतं. बाजार होता, स्पर्धा होती, किंमत होती. ‘इतक्यावर थांब’ म्हणणारं मात्र मध्ये कुणी नव्हतं.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. एजंटांना बोलायची किंवा नोंदवहीची गरजच काय, ते परिस्थितीतला बदल पाहून आपोआप जुळवून घेतील, मुंग्या घेतात तसे. विजेची ग्रिड हे याचं खरं उदाहरण. मागणी वाढली की वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली येते, आणि ही खूण जोडलेल्या प्रत्येक जनित्राला त्याच क्षणी मिळते. कुणी निरोप धाडावा लागत नाही. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्रासह, त्या खुणेला दर जोडला गेला. वारंवारिता कमी असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर महाग पडायचं. ही योजना सुंदर होती आणि बऱ्याच अंशी चाललीही. तरीही ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून सुमारे ६० कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. चौकशी समितीनं दिलेल्या कारणांत एक असं होतं की विभागीय भार प्रेषण केंद्रांनी दिलेल्या सूचनांना राज्यांच्या केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. म्हणजे जिथं निसर्ग स्वतः खूण देतो तिथंही सूचना पाळली गेली का, हे बघणारा लागतो. सॉफ्टवेअरच्या जगात तर तशी वारंवारिताही नसते. खूणही बांधावीच लागते.

मध्यवर्ती यंत्रणा बंद पडली तर सगळंच बंद पडेल, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. यंत्रं बंद पडण्याचा धोका बहुमताच्या पद्धतींनी पुष्कळ आटोक्यात आला आहे. पाचपैकी दोन सर्व्हर गेले तरी राफ्ट चालतं. खरा धोका सत्ता एकवटण्याचा आहे. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार दोन ॲपवरून होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम एनपीसीआयनं नोव्हेंबर २०२० मध्ये केला आणि तो लागू करण्याची मुदत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेली. इतरांना मुदती घालणारी संस्था स्वतःची मुदत पाळू शकत नसेल, तर व्यवस्था जिच्या हाती आहे तिच्यावर कोण, हा प्रश्न उरतोच. मधली जागा पातळ ठेवावी, तिनं निर्णय कमी आणि नोंदी जास्त कराव्यात, इतपतच मी म्हणेन.

आपल्या मराठवाड्यात दायित्वाच्या या प्रश्नाचं पाण्यातलं रूप कमी पावसाच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिसतं. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या वर गोदावरी, प्रवरा आणि मुळा खोऱ्यांत नाशिक-नगरची धरणं आहेत, आणि प्रत्येक धरणाचा कारभार आपल्या लाभक्षेत्राशी इमान राखून चालतो. समन्यायी वाटपाचं तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आलं, पण तत्त्वानं पाणी खाली आलं नाही. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणानं १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला, तेव्हा त्यात एक तारीख आली आणि एक आकडा आला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरण समूहांनी कोष्टकाप्रमाणे पाणी सोडायचं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हा आदेश उचलून धरला. तूट आहे की नाही, यावरचा वाद त्यामुळं संपला, कारण पातळी मोजता येते. अंमलाचा वाद संपला नाही. २०२३ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, विरोध आणि कोर्टकज्जे होऊन पाणी वाहू लागलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या दिवसांसाठी यूपीआयच्या शंभर रुपयांसारखं काही नाही; उशिराचा खर्च उशीर करणाऱ्याच्या खात्यावर पडत नाही. नोंद आणि तारीख आहे, आपोआप लागणारा दंड नाही, एवढ्या फरकानं किती बिघडतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

यूपीआय आणि भाषिक मॉडेलांवरचे एजंट हे दोन धागे आता एकत्र येतील, अशी चिन्हं आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीमधूनच खरेदी करून यूपीआयनं पैसे चुकते करण्याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. त्यात रिझर्व्ह पे या सोयीचा आधार आहे: ग्राहक ठरावीक रक्कम ठरावीक व्यापाऱ्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवतो आणि एजंट त्या मर्यादेतच खर्च करू शकतो. मर्यादा एजंटच्या शहाणपणावर न सोडता बँकेच्या खात्यावर बांधली, हे योग्य झालं. पण रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातली मुदत आणि भरपाई ही फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. पैसे वजा झाले, जमा झाले, वस्तूही घरी आली, फक्त ती मागितलेली नव्हती, तर व्यवहार यशस्वी म्हणून नोंदला जाईल. ‘मी हे सांगितलं नव्हतं’ आणि ‘मला असंच समजलं’ यांच्यातलं ते नवं पेंडिंग असेल आणि त्याला आज मुदत नाही. ग्राहकानं नेमकं काय सांगितलं, किती रकमेपर्यंत सांगितलं आणि एजंटनं त्यावर काय केलं, याची नोंद एजंट चालवणाऱ्या कंपनीकडेही नसावी आणि व्यापाऱ्याकडेही नसावी; पैसे धरून ठेवणाऱ्या बँकेकडे असावी, असं मला वाटतं, कारण या तिघांत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर उभं करता येईल अशी तीच आहे. बँका म्हणतील की १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला मनाई आहे, मग हा साठवणीचा आणि तक्रारनिवारणाचा खर्च कशातून भागवायचा. तक्रार रास्त आहे. एजंटकरवी होणाऱ्या खरेदीतून कमाई एजंटवाल्या कंपनीची आणि व्यापाऱ्याची होणार असेल, तर एजंटनं केलेल्या व्यवहारांपुरतं शुल्क त्या दोघांवर लावायला हरकत नाही. छावणीच्या बाजारात स्वतःच्या हातानं स्कॅनर वापरणाऱ्याला आणि भाजीवाल्याला त्यातून वगळावं.